मामांचं वय बत्तीस, स्थिती अविवाहित

माझ्या सासऱ्यांना वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी लग्नासाठी स्थळं सांगून येऊ लागली, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो.

आधी माझ्याबद्दल सांगतो. मी बारामती एमआयडीसीत एका दूध प्रकल्पाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. मध्यंतरी आमच्याकडे पुण्याहून एक बाई आल्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा समजावून सांगायला. त्या दीड तास बोलल्या. बाकीचे दीड तास समोशांची वाट बघत होते. मी एकटाच वही काढून लिहून घेत होतो. तुमची माहिती ही तुमची आहे. ती घ्यायची तर तुमची संमती लागते. दिलेली संमती मागे घेता येते. कुठल्या कंपनीकडं तुमची काय माहिती आहे, ती त्यांनी पुढं कुणाला दिली, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ती पुसून टाका, असंही सांगता येतं!

मी घरी आलो तो वेगळाच माणूस होऊन आलो. (हे माझं मत. माझी बायको मनीषा हिचं मत असं की, माणूस तोच होता, त्याला बोलायला फक्त एक नवा विषय सापडला होता.)

दुसऱ्याच दिवशी मी औषधाच्या दुकानात सर्दीच्या गोळ्या आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, "मोबाईल नंबर?"

"कशासाठी?"

"बिलावर टाकायला."

"गोळ्या मला द्यायच्यात की मोबाईलला? कोणत्या हेतूसाठी माहिती घेताय ते आधी सांगा."

माझ्या मागं सात माणसं उभी होती. त्यातल्या एका आजोबांना बीपीचा त्रास होता आणि तो माझ्यामुळं वाढत होता. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, नंबर नको, पैसे नको, गोळ्या घ्या आणि जा." मी तत्त्वासाठी गोळ्या न घेताच परत आलो. संध्याकाळी मनीषानं जाऊन त्या आणल्या. नंबर देऊन.

सासरवाडीत मात्र माझ्या या ज्ञानाला फार मान होता. सासरवाडी डाळजची, उजनी धरणाच्या काठावरची. सासरे, म्हणजे मामा, वांगी, दोडका, मिरची असलं माळवं करतात. त्यांचं नाव ज्ञानदेव, मनीषा त्यांना आबा म्हणते. मामांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा बटणांचा फोन कायम स्पीकरवर असतो. मामांशी काही खासगी बोलायचं असेल, तर ते आधी अख्ख्या आळीला ऐकू जातं आणि मग मामांना. मी ओसरीवर बसून कायदा सांगायचो आणि मामा मान हलवत म्हणायचे, "पावणं लई शिकल्यात बरं का!" मामी आतून भाकरी थापता थापता म्हणायच्या, "मग! आपला जावई हाय!"

तर अशा या जाणकार जावयाला मोह पडला तो फ्रिजचा.

बारामतीत एका मैदानावर घरगुती वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं. दाराशीच लकी ड्रॉचा स्टॉल. पहिलं बक्षीस, दोन दारांचा फ्रिज! आमच्या फ्रिजला एकच दार, आणि तेही बंद राहावं म्हणून त्याला स्टूल टेकवून ठेवावं लागायचं. मनीषा लोणच्यांच्या स्टॉलकडं गेली आणि मी त्या फ्रिजसमोर थांबलो. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं.

स्टॉलवरच्या मुलीनं कूपन पुढं केलं. "सर, सगळे रकाने भरायचे हं. अर्धवट कूपन ड्रॉमध्ये घेत नाही."

कूपन कसलं, ती माझी कुंडलीच होती! नाव, मोबाईल, वय, विवाहित की अविवाहित, उत्पन्न, छंद. खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात काहीतरी चार ओळी. एकीकडं तत्त्व, दुसरीकडं दोन दारं. मी घामाघूम झालो. आणि तेवढ्यात मला ती कल्पना सुचली. (माझ्या आयुष्यातल्या सगळ्या संकटांची सुरुवात "तेवढ्यात मला कल्पना सुचली" इथूनच झालेली आहे.)

मी कूपनवर मामांचं नाव आणि मामांचा नंबर लिहिला. फ्रिज लागला तर घरातच येणार. आणि बटणांच्या फोनवरून मामांची कोण काय माहिती चोरणार? वांग्यांची? वर आणखी सुरक्षा म्हणून बाकीचं सगळं खोटं भरलं. वय बत्तीस. अविवाहित. उत्पन्नाच्या सगळ्यात वरच्या चौकोनावर बरोबरची खूण. छंद, परदेश प्रवास आणि व्यायाम. खोटी माहिती हीच खरी सुरक्षा, असं मनात म्हणत मी कूपन पेटीत टाकलं आणि लोणचं चाखायला गेलो.

फ्रिज फलटणच्या कुणालातरी लागला.

महिन्याभरानं आम्ही डाळजला गेलो, तर मामांचा चेहरा खुललेला. म्हणाले, "पावणं, अलीकडं जगात माणसं लई मायाळू झाल्यात! रोज चार-पाच फोन येत्यात. हितल्या हितं ऱ्हानारी भावकी इचारत न्हाई, पन ही माणसं इचारत्यात, सर, कसे आहात?"

मला ते कूपन आठवलं. तेवढ्यात फोन वाजला. पुण्यात उंच इमारतीत घर घ्या म्हणून कुणीतरी सांगत होतं. "सर, टेरेसवर स्विमिंग पूल आहे!"

"किती लांब हाय?"

"पंचवीस फूट, सर!"

मामा पोट धरून हसले. "आरं बाबा, आमच्या रानाच्या खाली उजनीचं पानी हाय. पल्याडचा काठ दिसत न्हाय! तूच ये हिकडं पवायला, जिवूनच जा!"

तो गेला तर व्यायामशाळेचा आला. "सर, तीन महिन्यांत सिक्स पॅक करून देऊ!"

"पॅकिंग आमचं आमी करतो. क्रेट हायेत आमच्याकडं. वांग्याला पॅकिंग काय करायचं?"

मामी हसत होत्या, मनीषा हसत होती. मीही हसत होतो, पण माझं हसू सगळ्यांच्या नंतर येत होतं आणि सगळ्यांच्या आधी संपत होतं.

त्याच्या पुढच्या रविवारी तो फोन आला. आम्ही ओसरीवर जेवायला बसलो होतो. मामी पिठल्याची कढई घेऊन वाढत होत्या. मामांनी डाव्या हातानं बटण दाबलं आणि एका मुलीचा गोड आवाज ओसरीभर पसरला.

"नमस्कार सर! तुमच्या अपेक्षा जाणून घ्यायच्या होत्या."

मामांना कुणीतरी अपेक्षा विचारण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. ते ताठ बसले. "अपेक्षा एकच. लाईट दिवसा द्या."

"नाही सर, जोडीदाराबद्दलच्या अपेक्षा!"

आता, मामांचा वाट्यानं रान करणारा माणूस नुकताच सोडून गेला होता आणि मामा दुसऱ्याच्या शोधात होते. त्यांचे डोळे चमकले. "व्हय व्हय! जोडीदार पायजेच! निकडीनं पायजे!"

"आधी कुणी होतं का, सर?"

"हुतं की. धा वर्सं ग्वाड चाललं. मग एक दिस सकाळी बघतोय तर खोली रिकामी! जाताना चार खुरपी बी न्हेली."

"अरेरे! मग आता कसं स्थळ हवं?"

"स्थळ हितंच, डाळजात! पहाटं उठून कामाला लागलं पायजे. आन आमच्या म्हातारीशी जमवून घ्यायला पायजे, ती जरा तिखट हाय."

"आई का, सर?"

"आय कुठली? बायकू!"

 मुलगी फार हळू म्हणाली, "सर, तुम्ही विवाहित आहात?"

"सेहेचाळीस वर्सं!"

"आणि मॅडमना हे... चालणार आहे?"

"तिलाच तर घाई! रोज म्हनती, कुनीतरी आणा, माज्याच्यानं आता हुईना!"

मामींच्या हातातली कढई जागच्या जागी थांबली. पलीकडं ती मुलगी कागद चाळत असावी. मग ती जरा कडक आवाजात म्हणाली, "सर, हे वधू-वर केंद्र आहे. तुमचा फॉर्म आमच्यासमोर आहे. नाव ज्ञानदेव, वय बत्तीस, अविवाहित. खाली तुमची सहीसुद्धा आहे. एक बायको असताना दुसरं लग्न करता येत नाही, सर!" आणि फोन बंद झाला.

मामींनी कढई खाली आपटली.

"बत्तीस?" मामी म्हणाल्या.

"आगं, मला काय ठावं! कुनीतरी..."

"नाव तुमचं. नंबर तुमचा. वर सही! तरीच म्हनलं, महिनाभर फोनवर येवढं हासनं कशाचं! आन मी तिखट व्हय?"

त्याच क्षणी मी खरं सांगून टाकायला हवं होतं. कुणीही सज्जन माणूस तेच करेल. मी काय केलं? आणखी एक भाकरी मागून घेतली.

"आबा, तुम्ही खरंच भरलाय का फॉर्म?" मनीषानं विचारलं. मामा रडकुंडीला आले. "आगं, मला माजं नाव लिवायला अर्धा तास लागतो, मी कशाला भरू फॉर्म!" पण मामींनी तोवर पिशवी भरली होती. दोन लुगडी, चष्मा आणि तपकिरीची डबी. "मी लेकीकडं चालले. ह्यांनी बसावं बत्तीस वर्साचं हून!"

आणि ज्या माणसानं हा संसार मोडला, त्याच माणसाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून मामी बारामतीला आल्या. वाटेत दोनदा म्हणाल्या, "जावई मातुर देवमाणूस मिळाला." मी गिअर टाकायच्या ऐवजी वायपर लावला.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. मामी मामांचा फोन घेत नव्हत्या, म्हणून मामा मला फोन करायचे. तेही स्पीकरवर, म्हणजे अख्खी आळी ऐकत असणार. "पावणं, त्येवढं इचारा, मिठाचा डबा कुठं ठेवलाय." "पावणं, भरताला आधी वांगं भाजायचं का आधी कापायचं?" गावात वांग्यांचे ढीग घालणारा माणूस बिस्किटं खाऊन दिवस काढत होता!

मामींचंही काही खरं नव्हतं. तोंडानं म्हणायच्या, "मरू दे." पण फोन वाजला की स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं बंद व्हायचं. चौथ्या दिवशी त्यांनी भाकरी थापायला घेतल्या आणि सवयीनं सहाच्या ऐवजी सात थापल्या. त्यातली मामांच्या वाट्याची जाड, कडक भाजलेली भाकरी कुणीच उचलली नाही. मामी तिच्याकडं बघत बसल्या. 

मी बोलायला तोंड उघडलंच होतं, पण मामी आधी बोलल्या. "जावईबापू, तुमीच सांगत हुता न्हवं, आपली माहिती कुनी कुनाला दिली ते इचारता येतं? मग इचारा की! ह्यांनी फॉर्म भरला का दुसऱ्या कुनी मेल्यानं, ते कळू दे मला."

"मामी, त्याचं असं आहे," तोच 'दुसरा मेला', म्हणजे मी, म्हणालो, "कायदा नवीन आहे. प्रक्रिया फार किचकट असते. कागदपत्रं लागतात. वर्ष-दोन वर्षं..."

"तुम्ही तर म्हणाला होतात, साधा ईमेल पुरतो!" मनीषा म्हणाली. "वही कुठाय तुमची?"

ती बारामतीजवळच्या कऱ्हाटी गावात शाळेत शिक्षिका आहे. तिनं माझीच वही उघडली, माझ्याच अक्षरातले मुद्दे घेतले, आबांना फोन करून रीतसर परवानगी घेतली आणि दहा ओळींचा मुद्देसूद अर्ज त्या केंद्राला धाडून दिला. ही माहिती तुम्हाला कुणाकडून मिळाली? मूळ फॉर्मची प्रत द्या. पुढं कुणाला दिली ते सांगा. वर मला म्हणाली, "तुमच्या वहीचा काहीतरी उपयोग झाला बघा!"

त्या दिवसापासून मी देवापुढं बसू लागलो. देशात कायद्याची अंमलबजावणी अजिबात होऊ नये, अशी मनापासून प्रार्थना करणारा माझ्यासारखा नागरिक विरळाच! आपल्याकडं साध्या दाखल्याला चार खेटे घालावे लागतात, तिथं ईमेलला कोण उत्तर देतंय, असा माझा या व्यवस्थेवर गाढ विश्वास होता.

व्यवस्थेनं दगा दिला. आठवडाभरात उत्तर आलं! सविस्तर, नम्र आणि सोबत जोडपत्रासह.

"मी अजून उघडलं नाही," मनीषा म्हणाली. "आई आणि आबा, दोघांसमोरच वाचायचं."

रविवारी पुन्हा डाळजची ओसरी. एका टोकाला मामी, दुसऱ्या टोकाला मामा. मामा पंधरा दिवसांत चांगलेच खंगले होते. मी मधल्या खांबाला टेकून, दरवाजा किती पावलांवर आहे याचा अंदाज घेत बसलो. मनीषानं शाळेतल्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"महोदय, आपली माहिती आम्हास बारामती येथील प्रदर्शनाच्या आयोजकांकडून मिळाली. लकी ड्रॉच्या कूपनवर आपण ती इतर संस्थांना देण्यास संमती दिली होती..."

"मी तर परदर्शनाला गेलोच न्हाय!" मामा ओरडले.

"...झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत. आपण सांगाल तर माहिती पुसून टाकू. कूपन आपण भरलेले नसल्यास कळवावे, कारण याच कायद्यानुसार दुसऱ्याच्या नावाने माहिती भरणे हाही नियमभंग असून त्यास दंड होऊ शकतो." मनीषा थांबली. "हे नाही दिसलं तुमच्या वहीत."

"तेव्हा समोसे आले होते," मी म्हणालो.

मग तिनं जोडपत्र उघडलं. मोबाईलच्या पडद्यावर ते कूपन आलं. तिनं बोटांनी मोठं केलं. आणखी मोठं केलं. मग तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

नाव मामांचं होतं, नंबर मामांचा होता. पण खाली सहीच्या जागी मी, वीस वर्षांच्या सवयीनं, माझी स्वतःची सही ठोकली होती! पूर्ण नावाची. खाली दोन रेघा आणि दोन ठिपक्यांसह. आमच्या लग्नाच्या दाखल्यावर आहे, अगदी तश्शी!

"आई," मनीषा शांतपणे म्हणाली, "तो मेला सापडला."

मी सगळं सांगितलं. फ्रिज, दोन दारं, स्टूल, खोट्या माहितीचं शास्त्र, आणि मागून घेतलेली ती भाकरीसुद्धा.  मी मामींच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. बघतो तर मामी पदर तोंडात कोंबून हसत होत्या!

"बत्तीस!" त्यांना धड बोलताही येईना. "ह्यांना! बत्तीस! आन छंद काय तर परदेस! ह्ये कधी इंदापूरच्या फुडं गेलं न्हाईत!"

मामा उठून त्यांच्याजवळ येऊन बसले. जरा टेचात म्हणाले, "हास तू. पन पावण्याच्या नजरंला मी बत्तीसचा दिसलो, त्याचं काय? तुज्या बापानं तर लग्नात मला चाळिशीचा ठरवला हुता!"

"पंधरा दिस काय खाल्लं?" मामींनी विचारलं.

"बिस्किटं."

मामी तडक उठल्या आणि चुलीकडं गेल्या. थोड्या वेळानं भाकरी थापायचा आवाज यायला लागला. जाड भाकरीचा आवाज निराळा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मनीषा तिथंच उत्तर लिहायला बसली. संमती नाही, सगळी माहिती पुसून टाका. मामा हळूच तिच्या कानाशी लागले, "सगळंच नको पुसू. ती एक पोरगी रोज तब्येत इचारती, तेवढी ऱ्हाऊ दे."

"पुसा!" आतून आवाज आला.

मला शिक्षा झालीच. वाट्याचा माणूस मिळेपर्यंत दर रविवारी रानात यायचं आणि वांगी तोडायची, असा मामांनी निकाल दिला. मी सहा रविवार वांगी तोडली. वांग्याच्या देठाला काटे असतात, हे आमच्या त्या कायद्याच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. (फोन स्पीकरवर!) पुढच्याच महिन्यात कऱ्हाटीच्या एका महिला बचत गटाला "आपली माहिती कशी जपावी" या विषयावर व्याख्यान ठेवायचं होतं. अध्यक्षबाईंचा फोन आला. माझी छाती पुन्हा फुगली. मी इस्त्रीचा शर्ट काढला, वही काढली, समोशांच्या वेळी सुटलेलं पानही भरून घेतलं.

तिथं गेल्यावर कळलं की, व्याख्यान मनीषाचं होतं. मला बोलावलं होतं ते उदाहरण म्हणून.